घड्याळाआधी उंचीची पट्टी

२० ऑक्टोबर २०१९ रोजी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर ‘आयर्नमॅन ७०.३’ ही स्पर्धा भारतात पहिल्यांदा झाली. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचे, लगेच ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावायचे. त्याआधी चार वर्षे, २०१५मध्ये, मिलिंद सोमणने पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची पूर्ण आयर्नमॅन पार केली होती आणि मराठी वाचकाला हा शब्द वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरून ओळखीचा झाला होता. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर या शहरांतल्या डॉक्टर, इंजिनीअर, व्यावसायिक मंडळींत या खेळाची हौस चांगलीच रुजली आहे. चाळिशीनंतर शरीराकडे लक्ष जाणे ही चांगलीच गोष्ट आहे; तिच्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. अडचण येते ती ही हौस घरातल्या पुढच्या पिढीत उतरते तेव्हा. मोठ्यांचे मोजमाप किलोमीटरचे असते. तेच मोजमाप मग तेरा वर्षांच्या मुलीला आणि चौदा वर्षांच्या मुलाला लावले जाते. किती लॅप्स झाल्या, किती लांबची राईड झाली, आठवड्याची बेरीज किती, असे प्रश्न रात्रीच्या जेवणाच्या ताटावर विचारले जातात. खुद्द आयर्नमॅनने आपल्या पूर्ण आणि अर्ध्या अंतराच्या स्पर्धांत अठरा वर्षांखालच्यांना मज्जाव केला आहे, हे मात्र या हिशेबात कोणी धरत नाही.

या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. तेरा ते पंधरा या वयातल्या मुलाला ट्रायथलॉन जरूर शिकवावा, कारण लहान अंतराचा ट्रायथलॉन हा या वयाला शोभणारा, चुरशीचा आणि बुद्धीला खाद्य देणारा खेळ आहे. मात्र त्याच्या सरावाचा भार वाढत्या हाडांच्या वेळापत्रकाने ठरला पाहिजे आणि सरावाचा मोठा हिस्सा कौशल्यावर खर्च झाला पाहिजे. अंतराची पाळी सगळ्यांत शेवटी. प्रशिक्षकाच्या हातात जीपीएसचे घड्याळ येण्याआधी भिंतीवर उंची मोजायची पट्टी यायला हवी. हे काही लाड करणाऱ्या पालकांचे मऊ धोरण नाही. पुढे पंचविशीत जिंकायचे असेल तरीही हाच मार्ग जास्त भरवशाचा आहे, असे आजवरचा पुरावा सांगतो.

आधी खेळ नीट समजून घेऊ. ट्रायथलॉन या नावाची आधुनिक स्पर्धा २५ सप्टेंबर १९७४ रोजी सॅन डिएगोच्या मिशन बे इथे झाली. हवाईची पहिली आयर्नमॅन त्यानंतर चार वर्षांनी, १९७८ची. तिच्या सुरुवातीच्या रेषेवर पंधरा जण होते आणि बारा पोहोचले. लोकांच्या कल्पनेत ही दुसरी स्पर्धा बसली, पण ऑलिंपिकमध्ये गेला तो आखूड अंतराचा खेळ. सिडनी २०००पासून ऑलिंपिकमध्ये १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे अशी शर्यत होते. ‘स्प्रिंट’ म्हणजे त्याच्या बरोबर निम्मी. २०१०च्या सिंगापूरच्या पहिल्या युवा ऑलिंपिकमध्ये हेच निम्मे अंतर ठेवले गेले. टोकियोत मिश्र रिले आली आणि अंतर आणखी आखडले: प्रत्येकाने ३०० मीटर पोहायचे, ६.८ किलोमीटर सायकल मारायची आणि २ किलोमीटर धावायचे. अमेरिकेत १३ ते १५ वयाच्या ‘यूथ एलीट’ गटासाठी ३७५ मीटर, १० किलोमीटर आणि २.५ किलोमीटर अशी मर्यादा आहे. चांगल्या तयारीच्या मुलाची ती शर्यत अर्ध्या तासाच्या आसपास संपते. या शर्यतींत दुसऱ्याच्या मागे सायकल लावून वाऱ्याचा आडोसा घ्यायला परवानगी असते. त्यामुळे पाण्यातून दहा सेकंद उशिरा बाहेर पडलेला मुलगा पुढच्या घोळक्याला मुकतो आणि दहा किलोमीटर एकटा वाऱ्याशी झुंजतो. पोहण्याचा पोशाख आवरून हेल्मेटचा पट्टा लावणे, रेषेपलीकडे पळत्या सायकलवर चढणे, वळणावर न घाबरता कलणे, उतरून लगेच बुटात पाय घालणे, अशा गोष्टींत ही स्पर्धा हरली-जिंकली जाते. आठवड्याला दीडशे किलोमीटर सायकल मारून यांतले काहीही आपोआप येत नाही.

आता शरीराकडे वळू. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्याच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते. या काळात वर्षाला आठ-दहा सेंटिमीटरची भर सहज पडते. पण हे सरासरीचे आकडे झाले. एकाच इयत्तेतल्या, एकाच महिन्यात जन्मलेल्या दोन मुलांच्या शारीरिक पक्वतेत काही वर्षांचे अंतर असू शकते. एकाला मिसरूड फुटलेले असते, दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. हाड आधी लांब होते आणि त्यात खनिज भरायला नंतर काही महिने जातात. म्हणून वाढीच्या या झपाट्यात हाडे मोडण्याचे प्रमाणही वाढते. स्नायू आणि कंडरा त्या लांबीशी जुळवून घेत असताना हाडाच्या ज्या कोवळ्या टोकाला त्या जोडलेल्या असतात तिथे ओढ बसते. गुडघ्याखालच्या उंचवट्यावर दुखणारा ऑसगुड-श्लाटर आणि टाचेत दुखणारा सेव्हर हे दोन्ही विकार इथूनच उपजतात. ते सहसा कायमचे नुकसान करत नाहीत, वाढ स्थिरावली की जातात. पण त्यांच्यावर सक्तीने धावले तर महिनोन्‌महिने रेंगाळतात. दुसरी गोष्ट कमी दिसते पण तितकीच महत्त्वाची आहे. पाय अचानक लांबले की मुलाची धावण्याची लय बिघडते, हात लांबले की पाण्यातली पकड चुकते, सीटची उंची तीन महिन्यांपूर्वीची असेल तर गुडघा चुकीच्या कोनात फिरतो. पालकांना वाटते, पोरगे आळशी झाले. प्रत्यक्षात ते नव्या शरीरात राहायला शिकत असते. दर तीन महिन्यांनी, सकाळच्या त्याच वेळी, अनवाणी उंची मोजून वहीत लिहिली तर हा झपाटा आधीच ध्यानात येतो. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरहून जास्त वाढ दिसली की धावण्याचे अंतर कमी करावे, उतारावरच्या पळण्याला सुट्टी द्यावी आणि मोकळा झालेला वेळ पाण्यातल्या तंत्राला व सायकलच्या हाताळणीला द्यावा. एवढ्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

किती सराव म्हणजे फार, याचे ढोबळ उत्तरही उपलब्ध आहे. शिकागोच्या लोयोला विद्यापीठातील डॉ. नीरू जयंती आणि सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक बाल व किशोर खेळाडूंचा अभ्यास २०१५मध्ये प्रसिद्ध केला. आठवड्याचे संघटित खेळाचे तास ज्यांच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त होते, त्यांच्यात अतिवापराच्या गंभीर दुखापती अधिक आढळल्या. प्रशिक्षकाच्या देखरेखीखालचा खेळ मोकळ्या खेळाच्या दुपटीहून जास्त असलेल्यांचीही हीच गत होती. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६मध्ये सल्ला दिला तो याच दिशेचा: एकाच खेळात वाहून घेणे पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत लांबवावे, आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती असावी, आणि वर्षाकाठी एकूण तीन महिने, महिन्या-महिन्याच्या तुकड्यांत, मुख्य खेळापासून रजा असावी. दुखापत टळली तरी यश हुकेल, अशी शंका घेणाऱ्यांसाठी डेन्मार्कमधला २०११चा अभ्यास बोलका आहे. सेंटिमीटर, ग्रॅम आणि सेकंद यांत मोजल्या जाणाऱ्या खेळांतले अव्वल खेळाडू आणि थोडक्यात मागे राहिलेले खेळाडू यांची त्यात तुलना होती. अव्वल ठरलेल्यांनी लहान वयात कमी तास सराव केलेला निघाला. त्यांनी तास वाढवले ते किशोरवयाच्या उत्तरार्धात. २०२१मध्ये जर्मनीच्या आर्ने ग्युलिख आणि सहकाऱ्यांनी हजारो खेळाडूंवरचे अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा चित्र आणखी ठळक झाले. कुमार गटात चमकणाऱ्यांनी आपला खेळ लवकर धरलेला असतो आणि त्यांची प्रगती सुरुवातीला वेगवान असते. प्रौढ वयात जगज्जेते होणाऱ्यांची गोष्ट उलटी आहे: लहानपणी अनेक खेळ, मुख्य खेळात उशिरा प्रवेश आणि सुरुवातीला संथ चाल. चौदाव्या वर्षीच्या पदकाचा आणि चोविसाव्या वर्षीच्या पदकाचा रस्ता एकच असेल असे धरून चालणे, हीच मुळात चूक आहे.

इथे एक चतुर आक्षेप येतो. ट्रायथलॉनमध्ये तर तीन खेळ आहेत. मग एकाच खेळाला जुंपण्याचा धोका इथे कसा? आक्षेपात थोडे तथ्य आहे. भार पाणी, सायकल आणि रस्ता यांत विभागला जातो, त्यामुळे नुसत्या लांब पल्ल्याच्या धावपटूपेक्षा या मुलाच्या नडगीला आराम मिळतो. पण हालचालींकडे नीट पाहिले तर तिन्ही प्रकार एकाच वळणाचे आहेत: सरळ रेषेत पुढे जायचे, तीच क्रिया हजारो वेळा करायची, आडवे सरायचे नाही, उडी मारायची नाही, अचानक थांबायचे नाही. पोहताना आणि सायकलवर हाडांवर शरीराचे वजनही पडत नाही, आणि हाड घट्ट व्हायला तर धक्के आणि उड्या लागतात. खो-खोतला पाठलाग, कबड्डीतली बगल, लंगडी, फुटबॉल, बास्केटबॉल यांत शरीराला जे मिळते ते तीन खेळांच्या या बेरजेत मिळत नाही. म्हणून या वयाच्या मुलाने शाळेच्या खो-खो संघातून नाव काढून घेणे हा ट्रायथलॉनसाठीचा त्याग मानला जाऊ नये. तो तोटाच आहे. आपल्याकडे आणखी एक व्यावहारिक धोका आहे. टँकवरचा प्रशिक्षक वेगळा, मैदानावरचा वेगळा आणि रविवारची सायकल मोठ्यांच्या ग्रुपबरोबर. प्रत्येक जण आपल्या खेळापुरता पूर्ण भार देतो; तिघांची बेरीज कोणाच्याच वहीत नसते. हृदय आणि झोप मात्र एकच असते. मुलाचा सगळा आठवडा एका कागदावर मांडून त्यावर सही करणारा एक जबाबदार माणूस नसेल, तर ट्रायथलॉन हा तीन खेळांचा मेळ राहत नाही, तीन जादा नोकऱ्या होतो.

दुसरा आक्षेप पोहण्याचा, आणि तो मान्य केला पाहिजे. पाण्याची जाण मोठेपणी येणे कठीण असते. धावण्याचा दम पंचविशीतही कमावता येतो, पण पाण्यात हात पकड कुठे घेतो, शरीर किती आडवे राहते, श्वास घेताना कंबर किती ढळते, हे लहानपणी जितके सहज बसते तितके नंतर बसत नाही. रिओ २०१६ची सुवर्णविजेती अमेरिकन ग्वेन जॉर्गेनसन याचे नेमके उदाहरण आहे. ती लहानपणापासून पोहत होती, विस्कॉन्सिन विद्यापीठात पोहली आणि धावली, मग हिशेबनिसाची नोकरी धरली. अमेरिकेच्या ट्रायथलॉन संघटनेने विद्यापीठांतून खेळाडू शोधण्याचा उपक्रम चालवला होता, त्यातून ती २०१०मध्ये, चोविशीत, या खेळात आली. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ती मागे राहिली. पुढे २०१४ आणि २०१५ची विश्वविजेती झाली आणि मग ऑलिंपिकचे सुवर्ण. तिने पोहणे लवकर शिकले होते. ट्रायथलॉनची कारकीर्द मात्र उशिरा सुरू झाली. तेव्हा पोहणे लवकर सुरू करावे हे खरे, पण त्यातून तेराव्या वर्षी पहाटे साडेचारला उठवून रोज चार-पाच किलोमीटर पोहवावे हे सिद्ध होत नाही. लवकर शिकायचे असते ते तंत्र, आणि थकलेल्या खांद्याने केलेल्या हजारो स्ट्रोकमध्ये चुकीचेच तंत्र पक्के होते.

मग तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा शहाणा आठवडा कसा असेल? सगळे मिळून आठ-दहा तास, त्यात शाळेतला खेळही धरून. तीन-चार वेळा पोहणे, पाऊण-एक तासाचे. त्यात लांब सेटपेक्षा तंत्राचे ड्रिल्स, छोटे वेगवान तुकडे, डोके वर काढून दिशा पाहण्याचा सराव आणि गर्दीत बोयाला वळसा घालण्याची सवय. उघड्या पाण्यात उतरायचे ते फक्त जाणकारांच्या देखरेखीखाली, जीवरक्षक आणि होडी सोबत असताना. सायकल दोनदा: एकदा मोकळ्या मैदानात किंवा बंद आवारात चढणे-उतरणे, एका हाताने बाटली घेणे, दुसऱ्याच्या चाकामागे राहणे, आठच्या आकड्यात वळणे, एकदा हलक्या गिअरवर वेगाने पाय फिरवत छोटी राईड. महामार्गावर पहाटेच्या अंधारात मोठ्यांच्या घोळक्यात मूल नेणे टाळलेलेच बरे, आणि त्यासाठी कुठल्याही शरीरशास्त्राची गरज नाही. धावणे दोन-तीनदा, वीस-तीस मिनिटांचे, शक्यतो मातीवर. त्यात छोट्या वेगवान धावा आणि उड्या. सायकलवरून उतरून लगेच धावण्याचा ‘ब्रिक’ सराव दहा मिनिटांचाही पुरतो, कारण त्यात शिकायचे असते ते पाय बदलण्याचे कसब. दोनदा अर्धा-अर्धा तास ताकदीचे व्यायाम: जोर, बैठका, दोरी, हलकी वजने, योग्य पद्धतीने. वजन उचलल्याने उंची खुंटते हा समज घराघरांत आहे. देखरेखीखाली, नीट तंत्राने केलेल्या ताकदीच्या व्यायामाने तसे होत नाही, हे बालरोगतज्ज्ञांनी स्पष्ट केले आहे. आठवड्यात एक दिवस काहीच नाही. आणि झोप: तेरा ते अठरा वयाला रोज आठ ते दहा तास लागतात. रात्री नऊपर्यंत क्लास आणि पहाटे पाचला टँक, हे गणित मांडतानाच चुकते. त्यातले एक सोडावे लागते, आणि झोप सोडणे हा पर्याय नाही.

मुलींचा विचार वेगळा करायला हवा, कारण इथे चुकीची किंमत जास्त आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. दमसासाचा खेळ रक्तातल्या हिमोग्लोबिनवर चालतो. म्हणजे प्रत्येक दोन मुलींमागे एकीहून जास्त मुली पायात बेडी घेऊनच रेषेवर उभ्या राहतात. मुलीला आणखी लॅप्स देण्याआधी तिचे रक्त तपासायला हवे, हे क्रीडाशास्त्र कमी आणि साधी अक्कल जास्त आहे. सराव वाढला आणि खाणे त्या मानाने वाढले नाही, तर शरीर आधी पाळीवर कात्री लावते, मग हाडांवर. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४पासून खेळाडूंमधल्या या ऊर्जातुटवड्याकडे जगाचे लक्ष वेधले आहे. पाळी सुरू झालेली असताना ती काही महिने बंद राहणे ही ‘भारी सराव चालू आहे’ याची खूण नाही, डॉक्टरकडे जाण्याची खूण आहे. आणि चौदा वर्षांच्या मुलीच्या वजनावर टँकच्या काठावरून शेरे मारणाऱ्या प्रशिक्षकाकडे तिला पाठवू नये, मग त्याने कितीही पदके मिळवून दिलेली असोत.

सर्वांत वजनदार आक्षेप आपल्या समाजव्यवस्थेतून येतो. हे सगळे युरोपात ठीक. आपल्याकडे सोळाव्या वर्षी दहावी समोर उभी असते. शालेय स्पर्धांतल्या यशाला सवलतीचे गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. ज्याला काही दाखवायचे आहे त्याने लवकरच दाखवले पाहिजे. पालकांची ही घाई खोटी नाही. पण चौदा वर्षांखालचा निकाल बहुतेक वेळा कोण आधी वाढले एवढेच सांगतो. त्या निकालावर पणाला लावलेली मुले सोळाव्या वर्षी, उशिरा वाढलेल्यांनी गाठले की, खेळच सोडतात. शिवाय लहान मुलाने लांब अंतर कापण्याचे कौतुक करण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे सुमारे छत्तीस किलोमीटरचे अंतर शाळकरी मुलांनी पोहून पार केल्याच्या बातम्या मराठी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे येतात. मे २००६मध्ये ओडिशात चार वर्षांचा बुधिया सिंह पुरीहून भुवनेश्वरकडे ६५ किलोमीटर धावला, तेव्हा देशाने आधी टाळ्या वाजवल्या आणि मग सरकारला बंदी आणावी लागली. पुढे धावपटू म्हणून त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द घडली नाही. एका उदाहरणावरून नियम निघत नाही, पण टाळ्या कशाला पडतात ते त्यातून दिसते. नॉर्वेने उलटे केले. तिथल्या क्रीडा महासंघाच्या बालक्रीडेच्या नियमांनुसार अकराव्या वर्षाआधी गुणतक्ते आणि क्रमवारी लावत नाहीत आणि तेराव्या वर्षाआधी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत मूल उतरवत नाहीत. त्याच देशाच्या क्रिस्टियान ब्लुमेनफेल्टने टोकियोत ट्रायथलॉनचे सुवर्ण जिंकले. प्रौढ वयात तो प्रचंड सराव करतो हेही तितकेच खरे. तेव्हा थांबण्याचा अर्थ कायमचे कमी करणे असा होत नाही. क्रम पाळणे एवढाच होतो.

शेवटचा आक्षेप असा की ज्या देशात बहुतेक मुले मोबाइलसमोर बसलेली आहेत, तिथे जास्त सरावाची भीती दाखवणे म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगणे. पण लहान अंतराच्या ट्रायथलॉनचे खरे बळ याच मुलांसाठी आहे. दोनशे मीटर पोहता येणारी, साधी गिअरची सायकल असणारी आणि दीड किलोमीटर पळू शकणारी कुठलीही शाळकरी मुलगी त्यात उतरू शकते. कार्बन फ्रेम लागत नाही, किलोमीटरचा ढिगारा लागत नाही. अंतर वाढवले की हेच दार श्रीमंत आणि वेडगळ जिद्दीच्या घरांपुरते उरते. म्हणून मागणी दोन ठिकाणी करायला हवी. आयोजकांनी पंधरा वर्षांखालच्या गटात अंतराची ठाम कमाल मर्यादा पाळावी आणि मोठ्यांच्या शर्यतीत मुलांना पाहुणे म्हणून घुसवू नये. आणि पालकांनी प्रशिक्षक निवडताना त्याचे जुने निकाल विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: मुलाची उंची शेवटची कधी मोजली, या आठवड्याचे एकूण तास किती झाले, आणि तीन वर्षांपूर्वी तुमच्याकडे असलेल्या तेरा वर्षांच्या मुलांपैकी आज किती जण अजून खेळतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याला अभिमानाने देता येते, त्याच्याकडे पहिल्या दोन प्रश्नांचीही उत्तरे लिहून ठेवलेली असण्याची शक्यता दाट असते, आणि मुलाला त्याच्याच हवाली करावे.